डावखुऱ्या बाईचं उलथनं

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात बाईंनी तेहतीस वर्षं फक्त शिवणी तपासल्या, आणि त्याही डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने. कापडावरून अंगठा फिरला की सुटलेला टाका लगेच हाताला लागायचा. सगळे त्यांना तपासनीसबाई म्हणत. निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता तरी स्वस्थ बसतील. बसतायत कसल्या! दर रविवारी जुन्या बाजारात जायचं आणि लोकांनी टाकलेला पसारा पिशवी भरून घरी आणायचा, हा नवा उद्योग सुरू झाला.

"अहो, मेलेल्या माणसांच्या वस्तू घरात कशाला?" शेजारीण विचारायची.

"जिवंतांपेक्षा बऱ्या. उलटून बोलत नाहीत."

पण बोलायच्या हो, बाईंच्या अंगठ्याशी बोलायच्या! एका सुरीचं पातं धार लावून लावून बोटभर उरलं होतं. कोळशाच्या इस्त्रीच्या लाकडी मुठीत चार बोटांचे खळगे पडले होते. त्यात स्वतःची बोटं ठेवून बाई म्हणायच्या, "हिचा हात माझ्याहून लहान होता." इतका आनंद आपल्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता, असं त्या चारचौघांत सांगत. सगळ्यांत लाडकं होतं एक लोखंडी उलथनं. उजव्या हाताने वापरलेलं उलथनं डाव्या कडेने झिजतं. हे झिजलं होतं उजव्या कडेने. म्हणजे मालकीण डावखुरी. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही, पण ती डावखुरी होती आणि तिने जन्मभर कुणाचं ऐकलं नव्हतं, एवढं बाईंना पक्कं ठाऊक होतं.

लेक हॉटेलांची सजावट करायचा. त्याच्या एका गिऱ्हाइकाला भिंतीवर टांगायला जुन्या वस्तू हव्या होत्या. बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस दवाखान्यात काय गेल्या, याने सगळा संग्रह उचलून वर्कशॉपमध्ये नेला. गंज काढला, मुठी बदलल्या, वेड्यावाकड्या कडा चाकावर धरून सरळ करून घेतल्या. एका डोळ्यावर पट्टी लावून बाई घरी आल्या, तर टेबलावर सगळं लखलखत होतं.

"बघ आई, ओळखू तरी येतंय का? गिऱ्हाईक न्यायला येईलच इतक्यात."

बाईंनी उलथनं उचललं. अंगठा फिरवला. उजवी कड, डावी कड, पुन्हा उजवी. दोन्ही सारख्या.

"कुणी सांगितला होता रे तुला हा शहाणपणा?"

"अगं, वाकडं होतं ते!"

"वाकडं नव्हतं, डावखुरं होतं!" बाईंचा आवाज चढला. "मीही डावखुरीच. माहीत होतं तुला? कसं असणार! माझ्या आईने फूटपट्टीने मारून मारून मला सरळ केलं, आणि आज तू हिला केलंस. पासष्ट वर्षं मी परक्या हाताने कामं करतेय!"

लेकाचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "पण आता यात उरलंय काय, आई? नुसतं लोखंड. देऊन टाकू या."

ते खरं होतं, आणि तेच बाईंना जास्त लागलं. त्या खुर्चीत बसल्या आणि चांगल्या डोळ्यातून पाणी येऊ दिलं. तेवढ्यात बेल वाजली. लेक उठायच्या आत बाई उठल्या, उलथनं हातात घेऊनच दार उघडलं.

"इथलं काही विकायचं नाही. भिंतीवर दुसरं काहीतरी टांगा," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर दार लावून घेतलं.

मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅस पेटवला. डॉक्टरांनी आठवडाभर गॅसजवळ जायचं नाही म्हणून बजावलं होतं, बजावू देत. तव्यावर अंडं फोडलं आणि उलथनं डाव्या हातात घेतलं.

"आई, अगं कड झिजायला चाळीस वर्षं लागतात!"

"मग आजच सुरुवात केलेली बरी." बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

पहिलं अंडं शेगडीवर पडलं. दुसरं घडी होऊन चिकटलं. तिसरं मधोमध फाटलं, पण उलटलं. बाईंनी ते ताटलीत घालून लेकापुढे आदळलं.

"खा," त्या म्हणाल्या. "मुकाट्याने खा."