आडवी गाडी

सुप्याचा आमचा मेकॅनिक गिऱ्हाइकापेक्षा गाडीशी जास्त बोलतो. मी ऐटीत म्हणालो, "हिला डोंगरवाटांवर न्यायचीय. खाचांचे टायर घाल, इंजिनाखाली पत्रा बसव आणि उंची वाढव."

त्याने माझी मोटारसायकल अलगद मुरमावर आडवी केली. "उचला, साहेब."

मी तीनदा जोर लावला. शर्टाची दोन बटणं गेली, गाडी जागची हलली नाही.

"डोंगरात मी न्हाई यायचो उचलायला," असं म्हणून त्याने टायर आणि पत्रा बसवला. उंची मात्र वाढवली नाही. "ती तुम्ही गाडी उचलाल तवा."

आता दर रविवारी मी त्याच्याकडे जातो. तो गाडी आडवी करतो आणि दोन चहा सांगतो. परवा मी ती गुडघ्यापर्यंत उचलली. त्याने खिशातून पाना काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला.