चारशे पंधराचं रजिस्टर

नेरडीगोंड्याच्या अलीकडे हायवेला लागून कापसाची एक जिनिंग आहे, तिथं मी कारकून होतो. दर तासाला मीटरवरचं व्होल्टेज पाहून रजिस्टरात लिहायचं, हे माझ्याकडं. मी काय करायचो, सकाळी चहा पिता पिता संध्याकाळी सहापर्यंतचे रकाने भरून टाकायचो. चारशे पंधरा, चारशे पंधरा, म्हणजे जेवढं पाहिजे तेवढं. आधीचा कारकूनही हेच करायचा. बाप जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला, अन् मी खुर्चीवर बसून सुंदर अक्षरात खोटं लिहीत होतो. आता ते अक्षर आठवलं तरी शिसारी येते.

कापसाच्या हंगामात खरं व्होल्टेज साडेतीनशेवर यायचं. आमचा मिस्त्री साठीचा माणूस. तो तापलेल्या मोटरवर हात ठेवून सांगायचा, "भाऊ, व्होल्टेज पडलं की तेवढंच काम कराले मोटर जास्त करंट ओढते. बिल वाढते, काम वाढत नाही. अन् एक दिवस जळते." अर्धा दिवस जिनिंग बंद ठेवा, ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज वाढवून घेऊ, म्हणून तो शेठच्या मागं लागला होता. शेठ माझं रजिस्टर उघडायचा अन् म्हणायचा, "इसमें तो सब बराबर है."

"खरं काऊन नाही लिहून राह्यले तुमी?" मिस्त्रीनं मला एकदा विचारलं. उद्यापासून लिहितो म्हटलं, अन् विसरलो. विसरलो कसला, कंटाळा केला.

मग एका सकाळी अकराला मोठी मोटर जळाली. जळक्या वार्निशचा वास पार ऑफिसात आला. मेन स्विच पाडला, सगळी जिनिंग बंद. शेठनं मिस्त्रीला बोलावलं अन् रजिस्टर त्याच्यापुढं टाकलं. व्होल्टेज बराबर होतं म्हणजे देखभाल तुझीच कमी, उद्यापासून येऊ नको, असं तोंडावर सांगितलं.

मिस्त्री रजिस्टरावर वाकला. त्याचं बोट आजच्या तारखेवरून सरकत बाराच्या रकान्यावर थांबलं. पुढं एक, दोन, तीन, पार सहापर्यंत चारशे पंधरा लिहिलेलं होतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, त्यात साडेअकरा झाले होते. हे शेठला दाखवलं असतं तर त्याची नोकरी राहत होती, माझी जात होती. पण बोट तिथंच ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "किती वाजले, सांगा बरं."

मी रजिस्टर मिटलं. "घड्याळ बंद हाय," म्हणालो.