दाराआडून ऐकलेला शब्द, आणि नलूकाकूनं आधी स्वतःच्या तोंडाला लावलेलं क्रीम

"हाई कोड ते नई ना व? पोरनं लगन कसं व्हई?"

शेजारच्या बाईनं आईला हे विचारलं, तेव्हा मी दाराच्या आड उभी होते. दहावीत होते.

कोड म्हणजे काय ते मला माहीत होतं. कोड आलेल्या मुलीचं काय होतं, तेही.

आमची नलूकाकू आज सकाळी धुळ्याच्या दवाखान्यात वारली. तिच्याबद्दल लिहायचं तर मला त्या हिवाळ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही पारोळ्याला राहायचो. थंडी पडली की माझे गाल फाटायचे, साबण लावला की आग व्हायची. त्या वर्षी मात्र गालांवर फिकट, पांढुरके डाग उठले.

मोठ्या ताईचं लग्न जमत होतं. पाहुणे आले की आई मला मागच्या खोलीत बसवायची.

"बाहेर येऊ नको," एवढंच म्हणायची. माझ्याकडे न बघता.

आईनं बेसन-लिंबू लावून पाहिलं. मी ओरडले.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून एक ट्यूब आणली. डाग जातात, रंगही उजळतो म्हणे. पहिले काही दिवस चेहरा खरंच गुळगुळीत झाला. आई खूश. मीपण.

नंतर एका सकाळी उठले तर डोळे उघडेनात.

तोंड लालभडक सुजलेलं. हात लावला की निखारा लावल्यासारखं. मला वाटलं, मी आंधळी झाले.

आई रडत होती. बाबा शेतावर. आणि नलूकाकू, माझ्या धाकट्या काकांची बायको, तिनं चुलीवरचा तवा उतरवला, लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "चाल सुनी. धुळे."

काका वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. काकू घरात असून नसल्यासारखी असायची. कुणाला उलट बोललेली मी पाहिली नव्हती.

आई दारात आडवी आली. "तठे चामडीना डाक्टरकडे कोनी देखं ते?"

"देखू दे," काकू म्हणाली.

एसटीत बसेपर्यंत डोळे फटीएवढे उघडले होते; मी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून बसले. पुढच्या सीटवरची बाई सारखी वळून बघायची. शेवटी तिनं विचारलंच, काय झालंय पोरीला?

"तोंड कोरडं पडनं," काकू म्हणाली. आणि मला खिडकीकडे सरकवून स्वतः मध्ये बसली.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला. मग म्हणाल्या, "डोळे मीट. मी कापूस लावीन. जिथे लागेल तिथे बोट ठेव."

काकूनं माझा खांदा घट्ट धरला.

तेव्हा कळलं, त्या काय तपासत होत्या. कोड नाही, त्याहून भयंकर. महारोग. डागावर स्पर्श कळत नाही, हे शाळेत शिकवलं होतं.

कापूस लागतोय की मला नुसतं वाटतंय?  मी बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं.

"सगळं बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "महारोग नाही. कोडही नाही. त्वचा कोरडी आहे, आणि फार सेन्सिटिव्ह."

काकूनं लगेच विचारलं, मग आता करायचं काय?

ती ट्यूब बंद. लिंबू बंद, वासाचा साबण बंद, कढत पाणी बंद. कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही. आणि ओलसर असतानाच बिनवासाचं साधं क्रीम लावायचं. मात्र सूज उतरल्यावर, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं.

मॉइश्चरायझर हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला.

सूज उतरली. हातावर लावून पाहिलं, काही झालं नाही. पण चेहऱ्याला? माझी हिंमतच होईना. डबी उघडायचे, परत बंद करायचे. पुन्हा डोळे मिटले तर? कायमचे?

काकू बघत होती. ती उठली, तोंड धुतलं, डबीत बोट घातलं आणि स्वतःच्या दोन्ही गालांना क्रीम लावलं.

आईच्या हातातलं भांडं पडलं. "नलू! काय करी राहिनी तू? लोके काय म्हणतीन?"

काका गेल्यापासून काकूनं तोंडाला पावडरसुद्धा लावली नव्हती. विधवेनं लावायची नसते, असं ठरलेलंच होतं आमच्याकडे.

 काकूचं बोट थांबलं नाही.

"म्हणू दे, अक्का. पोर घाबरेल शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "दख. मन्हा तोंडले काही व्हयनं का?"

काहीच झालं नव्हतं. मी क्रीम लावलं. आग झाली नाही. मी रडले.

लोक बोलायचे ते बोललेच. विहिरीवर, दळणाच्या गिरणीवर. "नलूले आते नटानं सुचस." तिनं ऐकलं, आणि घरी येऊन माझ्या शेजारी बसून पुन्हा लावलं. रोज.

होळीपर्यंत माझे डाग गेले.

पुढच्या हिवाळ्यात एकदा मी सहज म्हटलं, काकू, तुझेही गाल आता फाटत नाहीत.

तिनं डबीचं झाकण लावलं.

"माले बी अशीच आग व्हये सुनी. दर हिवाळे. रगत निंघे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणले सांगू?"

एवढंच म्हणाली, आणि भाकरी थापायला उठली.

आज दुपारी तिला पारोळ्याला आणतील. मी जळगावहून निघालेय. खरं सांगू, काकू नसलेल्या घरात पाय ठेवायची भीती वाटतेय.

काकू, तुले मन्हा नमस्कार.