काट्यावरचं पाणी

बायांनो, आमचा म्हातारा आज नॉर्मल निघाला.

कोराडीच्या कॉलनीत तब्येत तपासणीचा कॅम्प होता. वजन-उंची मोजून तिथली पोरगी म्हणे, "आजी, आजोबांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकदम नॉर्मल आहे!"

माहा पोरगा खूश. "माय, मंग उद्या मोठ्या डॉक्टरकडं काहून न्यायचं?"

म्हटलं, "बापाच्या पायावर अंगठा दाब."

दाबला. खड्डा पडला, भरेचना. हाताच्या काड्या झाल्या, अन पाय-पोट पाण्यानं फुगलं. वजनकाट्यानं ते पाणीही माणसातच मोजलं.

"तुह्या डोक्याचंही वजन नॉर्मलच भरन," म्हटलं. "आत काय हाय, थे काट्याले दिसत नाही."

उद्या मीच नेतो म्हाताऱ्याले. तुमच्या घरच्या नॉर्मल माणसाले शेवटचं हात लावून कधी पाह्यलं वं?