जूनच्या फोटोवरचा जुलै

प्रल्हाद साव्यांच्या हाताला स्वस्थता म्हणून ठाऊक नव्हती. बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाडीत वाढलेला माणूस. पोरवयात वाडीवरचं डिझेल पंपाचं इंजिन खोलून परत बसवलेलं. पुढे चिकूचे टेंपो चालवले आणि मग त्र्याऐंशी साली रस्त्यांच्या कामाच्या एका सरकारी कचेरीत जीपचा ड्रायव्हर म्हणून चिकटला. डहाणूत दोन खोल्यांचं घर झालं, प्राथमिक शाळेत शिकवणारी वसुमती बायको म्हणून आली, सोनल झाली. पण शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर ठेवायची सवय काही गेली नाही.

ब्याण्णव साली कचेरीत अभ्यंकर नावाचे उपअभियंता आले. हुशार, तापट आणि कागदावर मुळीच विश्वास न ठेवणारे. गंजाडपासून तलासरीपर्यंत आणि तिकडे झरी, वेवजीपर्यंतचे सगळे रस्ते त्यांच्याकडे. कुठला खड्डा बुजला, रस्त्याखालून पाणी जायच्या कुठल्या मोरीचा दगड निखळला, हे मुकादमाच्या तोंडून ऐकायचं त्यांना पटेना. एके दिवशी त्यांनी स्वतःचा छोटा कॅमेरा जीपच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि म्हणाले, "सावे, हा इथे कायमचा बसवता येईल का? गाडी थांबवायची, बटण दाबायचं, रस्त्याचा फोटो. मग बघू कोण काय सांगतो ते."

प्रल्हादला एवढंच हवं होतं. त्याने पत्र्याची पट्टी वाकवून कॅमेऱ्याला बैठक केली आणि ती डॅशबोर्डला स्क्रूने आवळली. पहिला रोल धुऊन आला तेव्हा सगळे रस्ते पाण्यात हलल्यासारखे दिसत होते. इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात जात होती. मग बैठकीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आले. दुसऱ्या रोलमध्ये रस्ता स्थिर होता, पण त्याच्यावर भुतासारखं पांढरं फडकं तरंगत होतं. ते डॅशबोर्डवर ठेवलेलं गाडी पुसायचं फडकं, काचेत उमटलेलं. त्याने मोडक्या छत्रीचं काळं कापड आणून सगळा डॅशबोर्ड झाकला. बटण दाबताना हात लागून कॅमेरा हलतो, म्हणून सायकलच्या ब्रेकची तार लावून स्टिअरिंगजवळून बटण दाबायची सोय केली. साहेब खूश झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना जीप दाखवू लागले.

पुढच्या वर्षी साहेबांचा मेव्हणा मस्कतहून आला, तो नवा कॅमेरा घेऊनच. आपोआप नेम धरणारा, आपोआप रोल पुढे सरकवणारा, आणि फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापणारा. प्रल्हादने जुना काढून हा बसवला. पहिल्याच रोलला सगळे रस्ते धूसर. तो डहाणू स्टेशनजवळच्या स्टुडिओत विपुलभाईकडे गेला. विपुलभाईने कॅमेरा फिरवून पाहिला आणि हसून म्हणाला, "प्रल्हादभाई, तमारो कॅमेरो काच जुए छे, रस्तो नथी जोतो. काचेवरच नेम धरतोय तो. हे डोंगराचं चित्र आहे ना, ते बटण दाबा. मग तो लांबचं बघेल." फ्लॅश काचेवर आपटून पांढरा डाग पडत होता, तिथे काळी चिकटपट्टी लागली. आणि मग फोटो असे आले की खड्ड्यातल्या पाण्यात आभाळ दिसावं.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये, पावसाची दमट हवा सुरू झाली तशी, तारखेचे आकडे पुसट होत एकदम गेले. प्रल्हादने घड्याळजीकडून बारीक सेल आणून टाकला आणि जीपच्या बॉनेटला टेकून आकडे लावायला बसला. एक बटण दाबलं की आकडा पुढे सरकायचा, मागे यायची सोय नव्हती. महिना लावताना बोट एकदा जास्त पडलं. सहाचा सात झाला. तेवढ्यात साहेब कचेरीच्या पायऱ्या उतरत आले. "सावे, चला, उशीर होतोय." प्रल्हादने तो सात पाहिला. पुन्हा पूर्ण वर्षाचा फेरा फिरवून सहावर यायला हवं होतं. संध्याकाळी करू म्हणत त्याने झाकण लावलं. आणि संध्याकाळी तो विसरला.

जूनच्या अखेरीस साहेबांना मीटिंग होती, म्हणून तो एकटाच झरीच्या रस्त्यावर फोटो काढून आला. गावाच्या अलीकडे ओढ्यावर एक जुनी मोरी होती. तिच्या एका तोंडाचे दगड ढासळले होते. त्याचाही फोटो त्याने काढला. त्या टप्प्याचं काम सुक्याकडे होतं. सुक्या झरीचाच, बायको रखमीबरोबर तिथेच राहणारा. पाच-सहा वर्षं रोजंदारीवर राबत होता आणि कायम होणाऱ्यांत त्याचं नाव पुढे गेलं होतं. गावाकडून तक्रार आली म्हणून मोरी नीट करायचा हुकूम निघाला, सुक्याने जुलैच्या सुरुवातीला काम झाल्याचा निरोप धाडला, आणि मुकादमाने जागेवर न जाताच "झालं" म्हणून साहेबांना सांगितलं. जुलैत प्रल्हादची जीप त्या बाजूला गेली, पण रस्त्यावर पाणी असल्यामुळे अलीकडूनच वळली.

जुलैच्या शेवटी ओढा असा आला की मोरी मुळासकट गेली. झरीची एसटी बंद झाली. चिमण नावाच्या शेतकऱ्याच्या बाळंतपणात अडलेल्या सुनेला, जिवलीला, चौघांनी झोळीत घालून भातखाचरांच्या बांधांवरून लांबच्या वाटेने दवाखान्यात नेलं. ती वाचली. मूल नाही वाचलं.

वरून विचारणा झाली तेव्हा साहेबांनी पडून असलेला रोल धुऊन आणायला सांगितला. प्रल्हादने पाकीट आणलं. त्यात एक फोटो असा होता की तो कचेरीत दाखवण्यासारखा नव्हता. सोनलच्या शाळेच्या पहिल्या दिवशी, तिला जीपपुढे उभी करून, त्याने सरकारी रोलवर तिचा एक फोटो काढला होता. तो त्याने नीट न बघताच खिशात सरकवला आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

साहेबांनी मोरीचा फोटो उचलला. कोपऱ्यातली तारीख वाचली. चोवीस जुलै. मोरी ढासळलेलीच. त्यांचा चेहरा लाल झाला. सुक्याला बोलावणं गेलं.

सुक्या दारात उभा राहिला, अंगावर पावसाने भिजलेली बंडी. साहेबांनी फोटो त्याच्यापुढे धरला.

"हे काय? तू तर जुलैच्या सुरुवातीलाच काम झालं म्हणून कळवलंस."

"केला होता, साहेब. मी नि रखमीनं दगड वाहिलं. चांगला बसवला होता."

"आणि हा फोटो खोटं बोलतो?"

सुक्याने फोटोकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या प्रल्हादकडे. "डायवरभाऊ, तुमी काढला ना ह्यो? तवा दगड नव्हता बसवलेला?"

प्रल्हादला तो सात आठवला. पण नंतर आपण तो नीट केला होता की नाही? त्या बाजूला दोनदा गेलो होतो, हा फोटो कुठल्या खेपेचा? केलाही असेल. खात्री नव्हती. आणि साहेब त्याच्याकडे बघत होते. "फोटो काढला तेव्हा नव्हते बसवलेले," तो म्हणाला. शब्द खरे होते. मुकादम जमिनीकडे बघत राहिला.

"तू दगड लावले असतेस तर मोरी टिकली असती," साहेब म्हणाले. "उद्यापासून यायचं नाही."

घरी आल्यावर त्याने सोनलचा फोटो वसुमतीच्या हातात दिला. तिने कौतुकाने उजेडात धरला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, हे काय छापलंय? तेरा जुलै? शाळा तेरा जूनला नाही का सुरू झाली? मी त्याच दिवशी हजर झाले होते."

प्रल्हाद खाटेवर बसला तो बसलाच.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. वसुमतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग उद्याच साहेबांना सांगा."

"सांगतो."

पण उद्या तो बोलला नाही. साहेबांचा मूड बरा नव्हता. परवा मुंबईचे अधिकारी आले होते. गणपती होऊ देत, मग सांगू. रोज जीप पुसताना तो कॅमेऱ्याचा काळा डोळा फडक्याने झाकून ठेवू लागला. जेवताना घास तोंडात फिरायचा. सोनल म्हणायची, बाबा, माझा फोटो भिंतीवर लावा ना, आणि तो म्हणायचा, फ्रेम आणतो. फ्रेम काही तो आणत नव्हता. वसुमती पुन्हा काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं त्याला जास्त जड जात होतं.

विसर्जन झालं आणि एका रविवारी तो एसटीने आणि पुढे चालत झरीला गेला. साहेबांच्या आधी सुक्याला सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. रखमी खाचरात वाकून भातातलं गवत काढत होती. त्याला ओळखून ती उभी राहिली, पण बांधावर आली नाही.

"सुक्या कुठाय?"

"वापीला गेला. कंपनीत गोणी उचलतो."

"इथे रोजाचं काम नाही?"

"कोण देल? गाव बोलत नाय त्याच्यासंगं. चिमणच्या घरचं तर थुंकतात. बोलतात, तुझ्या आळसापायी आमचं पोर गेलं." तिने हातातलं गवत बांधावर टाकलं. "डायवरभाऊ, मी माझ्या डोक्यावर दगड वाहिलंत."

नोकरी गेली एवढंच प्रल्हादने इतके दिवस धरलं होतं. हे त्याच्या कल्पनेतही आलं नव्हतं. कसंबसं तोंड उघडून तो म्हणाला, "मला ठाऊक आहे, रखमी. चूक माझी आहे. तारीख चुकीची लागली होती." तिला तारखेचं कळलं की नाही कोण जाणे, पण "चूक माझी" एवढं कळलं. ती पुन्हा गवताकडे वाकली.

सोमवारी त्याने सोनलचा फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"माझी मुलगी, साहेब. शाळेचा पहिला दिवस. त्याच रोलमधला आहे. तारीख बघा."

साहेबांना कळायला एक क्षण लागला. मग ते खुर्चीत मागे टेकले. "सरकारी रोलवर मुलीचा फोटो काढलात?"

"हो साहेब. आणि तारीखही मीच चुकवली. चुकली हे तेव्हाच दिसलं होतं. सुक्याने दगड लावले होते. ओढाच मोठा आला."

"तुम्ही त्या दिवशी याच खोलीत उभे होतात, सावे."

"हो."

साहेबांचा अहवाल वर जाऊन वाखाणला गेला होता. आता त्यातल्या प्रत्येक फोटोवर बोट उठणार होतं. "माझंही चुकलंच," ते शेवटी म्हणाले, पण ते प्रल्हादला उद्देशून नव्हतं. "माणूस समोर उभा राहून सांगत होता आणि मी कोपऱ्यातले आकडे वाचत होतो." त्यांनी सुक्याला परत घेण्याचा हुकूम लिहिला. प्रल्हादला ठपका मिळाला, मुकादमाची बदली झाली.

"आणखी एक मागतो, साहेब. गावात जाऊन सांगायचं आहे. जीप हवी."

"मीही येतो," साहेब म्हणाले.

झरीच्या पारावर चिमण होता, बाबल्या पाटील होता, आणखी दहा-पंधरा माणसं. प्रल्हादने उभं राहून सगळं सांगितलं. चिमण उठून त्याच्या अगदी जवळ आला. आता हा मारणार, असं प्रल्हादला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. चिमण म्हणाला, "म्हणजे आमी उगाच एका माणसाला पाण्यात पाहिला." आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागला.

सुक्याला आणायला प्रल्हाद वापीला गेला. कंपनीच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर, सुक्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या हातांना रसायनाच्या गोण्यांनी पांढरे चट्टे पडले होते.

"त्या दिशी मी तुमाला विचारला," तो म्हणाला. "तवा तुमाला म्हाईत होता?"

नाही म्हणणं सोपं होतं. तेवढ्या एका शब्दाने दोघांचंही मन हलकं झालं असतं.

"अर्धं माहीत होतं," प्रल्हाद म्हणाला. "उरलेलं मी शोधलं नाही."

सुक्याने चहा संपवला. कप उलटा करून ठेवला. "भात कापायला येन मी," एवढंच म्हणाला, आणि फाटकातून आत गेला.

तो आला. पुढच्या वर्षी कायमही झाला. प्रल्हादने आकडे छापायची सोयच बंद करून टाकली. फोटो काढला की तो त्या जागी उभं राहून तिथल्या माणसाला विचारायचा, आणि साहेबही आता मोरी बघायला स्वतः खाली उतरायचे. खात्यातल्या नव्या ड्रायव्हरांना तो कॅमेरा बसवायला शिकवी, तेव्हा लोक त्याच्या कारागिरीचं कौतुक करीत. त्याला ते ऐकवत नसे.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात झरीला नवी मोरी बांधली गेली. दुपारी काम थांबलं तेव्हा रस्त्याच्या गँगची माणसं आंब्याखाली भाकऱ्यांची फडकी सोडून बसली. प्रल्हाद जीपच्या सावलीत उभा होता. रखमीने नाचणीच्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्याकडे धरला. सुक्या खाली मान घालून जेवत होता. वर न बघताच म्हणाला, "बसा ना. उभं कशाला?"

प्रल्हाद बसला. रखमीच्या हातची भाकरी मोडून त्याने पहिला घास घेतला.