गोळी परीक्षेनंतर

नाशिकला मेडिकल लॅबची पदवी करत होते तेव्हा मी फार स्वच्छ मुलगी होते. म्हणजे, अशी माझी समजूत होती. कॉलेजच्या कँटीनमध्ये कुणी न धुतलेली काकडी तोंडात घातली, की माझं जंतांवरचं प्रवचन सुरू. माझी देवळ्याची मैत्रीण तर मला पाहिलं की हातातला मुळा पाठीमागे लपवायची.

त्या वर्षी वर्गावर संकट आलं. प्रॅक्टिकलला जंताचं अंडं ओळखायला येणार हे नक्की, आणि आम्ही कुणी ते पाहिलेलंच नव्हतं. कॉलेजची एकुलती एक स्लाइड फुटलेली. सर म्हणाले, "चित्र बघून अंडं ओळखता येत नाही. घरून नमुने आणा."

मग टेबलावर काडेपेट्यांचा ढीग! त्या काळी शौचाचा नमुना काडेपेटीतूनच यायचा. कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या शेजाऱ्यांचा. सगळे निर्मळ! परीक्षा आठवड्यावर आली.

त्यात मी माझी काडेपेटी नेली. कशाला? तर निरोगी नमुना कसा असतो ते वर्गाला दाखवायला! एवढा माज.

मायक्रोस्कोपला डोळा लावला, स्लाइड सरकवली, आणि मधोमध ते आलं. गोल, सोनेरी तपकिरी, कडेला करंजीसारखी मुरड. मी स्टुलावरून उडीच मारली. "सर, सापडलं! अंडं सापडलं!"

सगळे धावले. मैत्रिणीने डोळा लावला. "लय भारी! पण हे कुणाचं गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. निफाडला मामाच्या मळ्यात उपटून, ओढणीला पुसून खाल्लेली गाजरं डोळ्यांपुढून रांगेने गेली.

"असेल कुणाचं तरी," मी म्हणाले.

तिने काडेपेटी उचलली. वर माझंच नाव, मोत्यासारख्या अक्षरात.

"अगं बया! निरोगी नमुना!"

हसता हसता सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आजच जंताची गोळी घे."

"सर, नको!" अख्खा वर्ग ओरडला. "परीक्षा होऊ द्या!"

आणि मी थांबले हो! आठवडाभर वर्गाने मला सोन्यासारखं जपलं. रोज माझी नवी काडेपेटी, रोज नव्या स्लाइडी. प्रॅक्टिकलला माझंच अंडं आलं आणि एकही जण चुकला नाही.

बाहेर पडताच मैत्रिणीने गोळी आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मी गोळी गिळेपर्यंत थांबली, मग पिशवीतून मुळा काढून माझ्यासमोर कडाकडा खाऊ लागली.

"हं, बोल की," म्हणाली, "जंत कशाने होतात?"