सीताफळाच्या दोन बिया

अन्याय झाला तो माझ्या विधवा काकीवर. सेहेचाळीस साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळेला. जागा वसमतकडच्या हट्टा गावाजवळची, आमच्या खेड्यातली आमचीच ओसरी, आणि करणारे माझ्याच घरचे. एवढं आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझा अजून गोंधळ उडतो.

थोरल्या भावाचं पोट श्रावणापासून दुखत होतं. म्हणून घास काढणारी बाई बोलावली. आमच्याकडं समजूत अशी, की वाईट मनानं भरवलेला घास पचत नाही, पोटात तसाच बसून राहतो. बाईनं भावाच्या बेंबीजवळ पितळी नळी लावली, तोंडानं जोरात ओढलं आणि पळसाच्या पानावर पिवळा गोळा थुंकला. त्यात एक केस होता.

"नागपंचमीचा हाय," ती म्हणाली. "घरातल्याच पांढऱ्या कपाळाच्या बाईचा."

नागपंचमीला काकीनं पुरणाची दिंडं केली होती आणि पहिलं भावाला वाढलं होतं.

मायनं तिथल्या तिथं काकीच्या हातातली परात काढून घेतली. माझे वडील, आबा, म्हणाले, दिवाळीआधी हिला माहेरी पोचवतो. माहेरी तिचं कुणीच उरलं नव्हतं. आबांना ते माहीत होतं!

मी तेव्हा विशीतला. खेड्यापाड्यांत आरोग्याची पत्रकं वाटत फिरायचो. अन्नाच्या प्रवासाचं पत्रक मला तोंडपाठ होतं. भिंतीवर कोळशानं सगळं काढून दाखवलं: तोंड, अन्ननळी, जठर, वेटोळी घातलेलं लहान आतडं, मग मोठं आतडं.

"जठरात घास काही तास टिकतो. त्याचा रस होतो. उरलंसुरलं दोन-तीन दिवसांत बाहेर. मग नागपंचमीचा घास दसऱ्यापर्यंत राहिलाच कसा?"

माय चित्राजवळ येऊन बसली. "केवढं लांब हाय रे हे आतडं?"

"सगळं मिळून पंधरा-सोळा हात."

"म्हंजी लुगड्याएवढं की! लुगड्याच्या निऱ्यांत दाणा अडकला तर दिवसभर सापडत न्हाई, लेका."

पत्रकात लुगडं नव्हतं. त्यात भावाचं पोट त्या दिवसापासून दुखायचं थांबलं होतं. मला ते आवडत नाही, पण खरं आहे.

मग मी इरेला पेटलो. सगळ्यांसमोर सीताफळाच्या अकरा बिया गिळल्या. कडक बी, पचणार नाही. "तीन दिवसांत अकराच्या अकरा दाखवतो. दाखवल्या तर काकी हितंच राहील."

"बराबर," आबा म्हणाले. "साक्षीला मी."

तीन दिवस सकाळी मी टमरेल घेऊन पुढं, आबा काठी घेऊन मागं.

"काय आबा, पोराची राखण करून राहिले का?" गावातले विचारायचे.

"न्हाई वो, ते पेरणी करून राहिलं, हे उगवण बघून राहिले!" दुसरा कुणीतरी म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी मोजल्या. नऊ भरल्या.

"दोन कुठं?" आबांनी विचारलं.

"काल दुपारी वसमतच्या बाजाराला जाताना ओढ्याकाठी बसलो होतो. तिथं तुमी कुठं होता?"

"मी नव्हतो. तू पाहिल्या का?"

मी वाकून पाहिलंच नव्हतं.

"मंग पोटातच हायत," माय म्हणाली. "आमी दुसरं काय म्हणून राहिलो?"

संध्याकाळी काकीनं मला परसात बोलावलं. "खरं सांग बाबा. तुह्या कागदात असं काही हाय का, की घालणारीला ठावं नसताना घास घातला जातो? त्या दिवशी मनात आलं व्हतं, मला लेकरू असतं तर पहिलं दिंड त्याला वाढलं असतं. तेवढ्यानं झालं का रे?"

"न्हाई काकी, असं होत न्हाई."

बोललो खरं, पण माझा हात माझ्याच पोटावर होता. मी त्या दोन बिया चाचपत होतो. तिनं हाताकडं पाहिलं आणि आत गेली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आबा तिला गाडीत बसवून पोचवून आले.

संक्रांतीला भावाचं पोट पुन्हा दुखू लागलं. आता घरात काकी नव्हती. "मग हा घास कुणाचा?" मी ओरडलो. दसऱ्याच्या वेळी नळी लावण्याआधी त्या घास काढणारीचं तोंड उघडून बघायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. तोंडपाठ पत्रकवाल्या मलाही नाही. त्या दोन बियांचं काय झालं, ते मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या गावात घास काढणारी आली, तर आधी तिला चारचौघांत चूळ भरायला लावा. आणि जिच्यावर आळ आहे तिच्या ओसरीवर आजच जा, तिच्या हातचं ताटभर जेवा, आणि ती बघत असताना पोटाला हात लावू नका.